टाक्यावरची पाहुणी

आत्यांनी मला माझं नाव विचारलं ते मी त्यांच्या खोलीत राहायला लागून पाच महिने झाल्यावर. तोवर बाकी सगळं त्यांना ठाऊक झालं होतं. मी भोरची, वडिलांचं शिलाईचं दुकान, वांगं मला चालत नाही, तिखट झेपत नाही, झोपेत मी दात खाते आणि लग्नाचा विषय निघाला की मला एकदम कामं आठवतात. नाव तेवढं राहिलं होतं. "नाव मागनं कळंल की," त्या म्हणायच्या, "आदी ऱ्हानीमान बगू."

आरोग्य सेविका म्हणून ती माझी पहिलीच नोकरी. मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं गाव. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये भाताची खाचरं. उपकेंद्रात राहायची सोय नव्हती, म्हणून आत्यांच्या दोन खोल्यांपैकी एक मी घेतली. आत्या म्हणजे सगळ्या गावाच्याच आत्या. उत्रोलीला दिलेल्या, पण नवरा लवकर गेला. मग माहेरी येऊन भावाच्या घराला लागून त्यांनी उन्हात उभं राहून या खोल्या बांधून घेतल्या होत्या. साठी उलटलेली, उंची माझ्या खांद्याला लागेल न लागेल इतकी. आवाज मात्र ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायचा होता, आणि समोर बसलेल्या माणसाशीही त्या तोच वापरत.

नवीन काहीही दिसलं की आत्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. कुठला? काय खातो? पोरंबाळं किती? माणूस असो, बैल असो, नाहीतर दिवे बसवायला आलेला कारागीर असो, कुणाची सुटका नव्हती. एसटीवर नवा ड्रायव्हर आला की आत्या हात करून गाडी थांबवत. चढायचं नसायचंच. खिडकीखाली उभ्या राहून वर बघत विचारत, "कुठलं तुमी?"

"सासवडकडचा."

"जेवान कुठं करता?"

मागं कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा. "पोरं किती?" हे विचारून झालं की त्या हातानं 'निघा आता' अशी खूण करत. एका ड्रायव्हरला जुळ्या मुली झाल्याचं त्यांना असं खिडकीखालीच कळलं. आठ दिवसांनी त्याच खिडकीतून दोन टोपडी आत गेली. त्यानंतर आत्यांनी गाडी थांबवल्याची तक्रार कुठल्याच ड्रायव्हरनं केली नाही. प्रवासी करायचे, पण गाडी पुढे गेल्यावर.

एकदा भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात, कुठलंसं अनोळखी रोप उगवलं. लोकांनी उपटून बांधावर फेकलं. आत्यांनी त्यातलं एक उचलून फुटक्या बादलीत लावलं आणि दारात ठेवून महिनाभर पाणी घातलं. "फूल आलं की कळंल कुठलं ते." फूल काही आलं नाही. एक दिवस त्यांनी पान चुरगळून हुंगलं आणि कोपरापर्यंत हात लालेलाल झाला. दोन दिवस मी औषध चोळत होते आणि आत्या खुशीत होत्या. "चला, येवडं तरी कळलं की नाय?" त्या रोपाचं नाव आजही गावात कुणाला ठाऊक नाही, पण त्याच्या वाटेला आता कुणी जात नाही.

आणि स्वतःचं नाव? रक्तदाब तपासायच्या शिबिरात मी वही घेऊन बसले होते. "नाव सांगा, आत्या."

"आत्या लिव्ह."

"अहो, खरं नाव."

"त्या नावानं मला चाळीस वरसात कुनी हाक मारल्याली न्हाई. ते लिवलंस तर बीपी कुनाचं ते कुनाला कळायचं बी न्हाई."

मी 'आत्या' लिहिलं. पुढच्या आठवड्यात वरून फोन आला, तुमच्या यादीत ही आत्या कोण? मला जे काही ऐकावं लागलं ते मी जेवताना आत्यांना सांगितलं, तर त्या भाकरी हातात धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला तेव्हा मनापासून राग आला होता.

तर हे असं चाललेलं असताना टाक्यावर ती पाहुणी आली.

शिमगा होऊन गेला होता. ऊन चढायला लागलं होतं आणि नळ योजनेची मोटर जळून पंधरा दिवस झाले होते. गावाच्या वरच्या अंगाला खडकातून एक झरा येतो आणि त्याच्या खाली दगडात बांधलेलं टाकं आहे. मोटर जळली की सगळं गाव तिथं येतं. त्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून घेणं आणि पाणी तपासणं हे माझं काम.

आमच्या घरामागं कमल राहायची. लग्नाला दोन वर्षं झालेली, बडबडी, हसरी. एका सकाळी ती हंडा तिथंच टाकून ओरडत खाली आली.

"कोळी हाय टाक्यावर! पंज्यायेवडा! पान्यावरनं चालत आला माज्याकडं!"

"पोहत म्हण," मी म्हटलं.

"पवत न्हाई वो सिस्टर, चालत! आपुन अंगनात चालतो तसा!"

संध्याकाळी कमलचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला. मी बघितला, गोळी दिली, शेकायला सांगितलं. पण तोवर बोलणं गावभर झालं होतं. कोळी चावला. कोळी इखारी आहे. पाण्यात बसतो म्हणजे इख पाण्यात उतरलं. कुणाच्या तरी मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या केसाळ कोळ्याचा व्हिडिओ आला आणि तो कोळी हाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो व्हिडिओ वाळवंटातला होता. मी तसं म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर बैठक बसली. सरपंच म्हणजे आत्यांच्या भावाचा मुलगा, चाळिशीचा, पांढऱ्या कपड्यातला, वागायला चांगला पण घाईचा माणूस. त्यानं ठरवूनच टाकलं होतं. भातावर मारायचं औषध शिल्लक आहे, ते उद्या सकाळी पाठीवरच्या पंपानं टाक्याच्या भिंतीवर आणि कपारीत फवारायचं, टाकं दोनदा उपसायचं, मग पाणी भरायचं.

त्या कपारींतूनच तर पाणी पाझरतं. दोनदा उपसा नाहीतर दहादा, औषध दगडातून येतच राहणार, आणि ते पाणी लहान मुलांसकट सगळं गाव पिणार. मी उभी राहिले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं हे सांगितलं. सरपंच शांतपणे म्हणाला, "सिस्टर, मंग तुमी लिवून द्या. हा कोळी इखारी न्हाई आन पान्याला धोका न्हाई. सही करा. म्या पंप ठिवून देतो."

मी काय लिहून देणार? मला घरातली पाल आणि झुरळ एवढंच ओळखू येतं. मला रडू यायच्या बेतात होतं आणि पारावरच्या पन्नास माणसांना ते दिसत होतं.

"बाळ्या," मागून आवाज आला.

सरपंचाला भर सभेत बाळ्या म्हणणारं माणूस गावात एकच होतं.

"बाळ्या, तू बगितलास का त्यो कोळी?"

"कमलनं बगितलाय की."

"कमलनं पळताना बगितला. तू बगितलास का? न्हाई ना? मंग चल की बगू आदी. कुठला, काय खातो, काय तरी कळू दे."

सगळा गाव आत्यांच्या मागून टाक्यावर गेला. आत्यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. कोळी होता. टाक्याच्या दगडावर मागचे पाय रोवून पुढचे पाय पाण्यावर नुसते टेकवून बसला होता. तपकिरी अंग, दोन्ही कडांना फिकट पट्टा. आत्या तीन हातांच्या अंतरावर बसल्या आणि बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "ही बाई हाय."

"कशावरनं?"

"छातीखाली बग. पांडरी गोळी धरलीया. अंडी हायत ती." आणि मान वळवून, "बाळ्या, अंड्यावर बसल्याली कोंबडी आपुन कापतो का रं?"

आमच्याकडे पाहुणा दारात आला आणि घरात दुसरं काही नसलं तरी अंड्यावर बसलेल्या कोंबडीला कुणी हात लावत नाही. सरपंचाची आई गर्दीत उभी होती. ती म्हणाली, "नगं रं बाबा, पिल्लं निगू दे." आता आई आणि आत्या दोघी एका बाजूला म्हटल्यावर त्याचं काय चालणार.

"चार दिस," तो म्हणाला. "पाचव्या दिशी सकाळी म्या पंप घिऊन येनार. तवर सिस्टरनी लिवून द्यावं, न्हाईतर गप बसावं."

ते चार दिवस मी विसरणार नाही. बायका अर्ध्या तासाच्या चालीवरच्या डोहावरून पाणी आणायला लागल्या. येताजाता आमच्या दारासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "आत्यांची पाहुनी उतरलीया टाक्यावर, आपल्याला कुठलं पानी!" आत्या टाक्याचंच पाणी प्यायच्या, सगळ्यांदेखत, ओंजळीनं. पण शेजारची म्हातारी ते घेईना, म्हणून तिच्यासाठी डोहावर जाऊन हंडा आणायच्या. तिला त्या भित्री म्हणायच्या आणि हंडा भरून द्यायच्या.

बाकी दिवसभर त्या टाक्यावर बसून. उपकेंद्रातलं काम आटोपलं की मीही जायची. मी मोबाईलवर फोटो काढला. फोटोवरून जीव ओळखणारं एक ॲप असतं, त्यानं सांगितलं, खेकडा. दुसरा फोटो काढला, तर म्हणे वाळलेलं पान. आत्यांना हे मी सांगितलं तेव्हा त्या मोबाईलकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या, "त्याला म्हनावं हितं यून बस चार दिस."

माझी शाळेतली एक मैत्रीण पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. देवळामागच्या टेकाडावर तेवढी रेंज येते. तिथं चढून मी तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "फोटो हलला आहे. भाताच्या बांधावर धावणारे कोळी असतात ना, त्यांच्यातलाच वाटतोय. तेही अंड्यांची गोळी घेऊन फिरतात."

मी धावत खाली आले. झालं, ओळख पटली! आत्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ मान हलवली.

"न्हाई. ती न्हवं ही."

"अहो, ती शिकवते कॉलेजात!"

"शिकवू दे की. बांदावरच्या कोळीन्या मला ठावं न्हाईत व्हय? लावनीला वाकलं की पायातनं पळत्यात. ती गाठोडं मागं बांदती, बुडाला. ही फुडं धरती, तोंडात. चार दिस झालं, गाठोडं धरल्यालं तोंड तिनं उगडलं न्हाई, का घास खाल्ला न्हाई. हंडा डोईवर घेनारी आन कडंवर घेनारी बाई एका घरची असती का?"

मला हे म्हणजे नसता हट्ट वाटला. पण उद्या पाचवा दिवस होता आणि अर्धवट ओळखीवर सही करायला माझा हात धजेना. म्हणून चरफडत पुन्हा टेकाडावर चढले आणि मैत्रिणीला तेवढंच कळवलं. गोळी तोंडात धरते, पाण्यावर चालते.

मिनिटाच्या आत तिचा फोन आला. "तोंडात? नक्की? कुणी बघितलं?"

"माझ्या घरमालकीणबाईंनी."

"त्यांना माझा नमस्कार सांग. मी चुकले. हे बांधावरचे नव्हेतच, वेगळं घराणं आहे. हे पाण्याकाठीच राहतात, पाण्यावर धावून किडे पकडतात, कधी बेडकाचं पिल्लू, कधी बोटाएवढा मासासुद्धा. माणसाला काही करत नाहीत. मुठीत धरून दाबलंस तर चावेल, तेही गांधीलमाशीएवढंच. आणि पाण्यात विष वगैरे काही उतरत नाही. पण तुला खात्री हवी असेल तर एक कर. पिल्लं निघायच्या आधी ती गोळी तोंडातून सोडते आणि काठच्या गवतात जाळ्याचा तंबू बांधून त्यात टांगते. मग स्वतः बाहेर पहाऱ्याला बसते. तंबू दिसला की डोळे मिटून सही कर."

पाचव्या दिवशी सकाळी सरपंच पाठीवर पंप अडकवून आला. मागे सगळा गाव. आणि टाक्यावर कोळीण नव्हती.

दगडावर नाही, पाण्यावर नाही, कपारीत नाही. आत्या चारी बाजूंनी वाकून बघत होत्या. मी बघत होते. सरपंच म्हणाला, "कपारीतच शिरली आसंल. फवारतो." त्यानं पंपाचा दांडा दोनदा मारला. ते औषध ढवळल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"थांबा की वो!" ही कमल. ती लांब, वरच्या बांधावर उभी होती, कारण जवळ यायला ती तयारच नव्हती. तिथून तिला आम्हाला न दिसणारं दिसत होतं. "ते काय हाय लव्हाळ्यात? पांडरं?"

टाक्यातून वाहून गेलेलं पाणी जिथं साचतं तिथं लव्हाळा माजला होता. त्याची चार पाती वाकवून एकमेकांना बांधली होती आणि मध्ये पांढरा तलम तंबू. आत गोळी टांगलेली. बाहेर, पात्याला आठही पाय लावून, आमची पाहुणी. मी वाकून आत बघितलं, तर गोळी उसवली होती आणि तिच्याभोवती खसखशीएवढी पिल्लं हलत होती. मोजायची सोयच नव्हती.

मी किंचाळले, पण आनंदानं. मैत्रीण काय म्हणाली होती ते सगळ्यांना एका दमात सांगितलं आणि सरपंचाच्या खिशातलं पेन ओढून घेतलं. "द्या कागद, लिहून देते!"

"थांबा सिस्टर," तो म्हणाला. पंप पाठीवरच होता. "हे समदं ठीक. मंग कमलचा हात कशानं सुजला?"

मी आत्यांकडे बघितलं. आत्या कमलकडे बघत होत्या.

"कमल, त्या दिशी काय खाल्लं व्हतंस गं?"

कमलनं एकदा सासूकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मद."

"कुठला मद?"

"आंब्याच्या ढोलीतला."

त्या ढोलीला हात घालायचा नाही म्हणून सासूनं तिला दोनदा बजावलं होतं. माश्या डसून हात सुजल्यावर आता काय सांगायचं, म्हणून सकाळी बघितलेल्या कोळ्याचं नाव सांगितलं होतं. "म्या चावला आसं म्हनलंच न्हाई," ती म्हणाली, "म्या म्हनलं आसंल बाई चावला. फुडचं समदं तुमीच केलं."

आधी सासू हसली. मग जी हसण्याची लाट आली ती थांबेना. सरपंचसुद्धा पंप उतरवून दगडावर बसला आणि डोळे पुसत हसायला लागला. "माज्या वाटचा मद कुठाय?" कुणीतरी विचारलं. मग बायका लव्हाळ्यापाशी रांगेनं येऊन वाकून बघायला लागल्या. कडेवरच्या पोरांना दाखवायला लागल्या. "बया, येवडी पोरं! आन एकटी बाई!" सरपंचाच्या आईनं सांगून टाकलं की आठ दिवस या बाजूला कुणी कपडे आपटायचे नाहीत. मी टाक्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहून दिलं, सही केली, आणि पहिला हंडा कमलनं भरला.

मी आणि आत्या शेवटी निघालो. आत्यांच्या डोक्यावर भरलेला हंडा, मी मागे. खाचरांच्या बांधावरून चालताना मला त्यांच्या खांद्यावर काहीतरी हललेलं दिसलं. मसुराच्या दाण्याएवढा, साधा, कोपऱ्यात असतो तसला कोळी.

"आत्या, खांद्यावर बघा, तुमचा अजून एक पाहुणा!"

हंडा धाडकन खाली. आत्या जागच्या जागी उड्या मारत, पदर झटकत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "काड! काड आदी! काड गं पोरी!" मी तो बोटावर घेऊन गवतात सोडला. आत्या बांधावर बसल्या. मी नाडी धरली, ती उडत होती.

"ल्हानपनापास्नं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मला त्याचं लई भ्या वाटतं."

मला हसू आवरेना. "मग चार दिवस तिथं तीन हातांवर बसलात कशा?"

आत्यांनी भिजलेलं लुगडं पिळलं. असं काय विचारते ही पोरगी, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"पानी समद्यांचं व्हतं की," त्या म्हणाल्या, आणि रिकामा हंडा उचलून पुन्हा टाक्याकडे चालू लागल्या.